बाफ्टा टीव्ही अवॉर्ड्स: ठरवतं कोण आणि कसं?

प्रश्न असा आहे की बाफ्टाच्या, म्हणजे ब्रिटनच्या सिनेमा-टीव्ही अकॅडमीच्या, टीव्ही अवॉर्ड्सना ब्रिटिश टीव्हीचं ऑस्कर म्हणतात, पण विजेता नक्की ठरवतं कोण, आपल्याकडे जसं चॅनेल स्वतःच्याच मालिकांना वाटून टाकतं तसंच तिथेही असतं का, आणि एखाद्या मराठी सिरीजला ते कधी मिळू शकतं का. मी लंडनमध्ये एडिटर आहे, बरीच वर्षं डॉक्युमेंटरी आणि फॅक्च्युअल (खऱ्या गोष्टींवरच्या) कार्यक्रमांवर काम करतोय, बाफ्टाचा सभासद म्हणून मतही देतो, त्यामुळे जे आतून बघितलंय ते सांगतो. ज्युरीच्या खोलीत कोण काय बोललं हे मात्र सांगणार नाही, तिथे सही करून घेतात.

आधी थोडक्यात उत्तर देतो. चॅनेल ठरवत नाही, प्रेक्षकही ठरवत नाहीत (एक अवॉर्ड सोडून). ठरवते ती प्रत्येक विभागाची एक छोटी ज्युरी, साधारण नऊ ते बारा माणसं, सगळी याच धंद्यातली, आणि ती बंद दाराआड बसून भांडतात. बाफ्टा टीव्हीच्या बाबतीत जे काही चांगलं आहे ते यातून येतं आणि जे काही चक्रम आहे तेही यातूनच येतं. हे एकदा डोक्यात बसलं की दरवर्षीचे "याला कसं काय मिळालं" वाले अर्धे प्रश्न सुटतात.

इतिहासात फार शिरत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी कारण इथल्याही बऱ्याच लोकांना ती माहीत नसते. तो जो प्रसिद्ध ब्राँझचा मुखवटा आहे, जो सिनेमावाल्यांच्या हातात बघून बघून आपल्याला सिनेमाचाच वाटतो, तो मुळात टीव्हीवाल्यांचा आहे. 1947 मध्ये सिनेमावाल्यांनी आपली अकॅडमी काढली, डेव्हिड लीन तिचे पहिले अध्यक्ष, आणि टीव्हीच्या निर्माते-दिग्दर्शकांचा गिल्ड वेगळा होता. त्या गिल्डने 1955 मध्ये मिट्झी कनलिफ या अमेरिकन शिल्पकार बाईंकडून हा मुखवटा करून घेतला. पुढे 1958 मध्ये दोन्ही संस्था एक झाल्या आणि 1976 पासून बाफ्टा हे नाव आलं. मुखवटा उलटा करून बघितलात तर मागच्या बाजूला एका डोळ्याभोवती पडद्याचं चिन्ह आणि दुसऱ्या डोळ्याभोवती इलेक्ट्रॉनिक चिन्ह कोरलेलं आहे, म्हणजे नाटक आणि तंत्रज्ञान दोन्ही. वजन जवळजवळ पावणेचार किलो. स्टेजवर माणूस तो एका हाताने घ्यायला जातो आणि दुसरा हात आपोआप खाली लावतो, ते बघण्यासारखं असतं.

बरं, सिनेमाचे बाफ्टा फेब्रुवारीत असतात आणि टीव्हीचे मे महिन्यात. 1998 पासून हे दोन सोहळे वेगळे आहेत, त्याआधी एकत्रच व्हायचे. भारतातून मेसेज येतात त्यात हा घोळ हमखास असतो. छाया कदम ज्यात आहेत तो "ऑल वी इमॅजिन ॲज लाइट" 2025 ला नामांकनात होता, तो सिनेमाच्या बाफ्टात, त्याचा आणि टीव्हीचा काही संबंध नाही. शिवाय टीव्हीचेही 2000 पासून दोन भाग आहेत. मे महिन्यात रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये रेड कार्पेटवाला मोठा सोहळा होतो, तो बीबीसी वनवर दाखवतात, आणि त्याच्या दोनेक आठवडे आधी क्राफ्ट अवॉर्ड्स नावाची वेगळी रात्र असते. एडिटिंग, साउंड, कॅमेरा, कॉस्च्युम, मेकअप, कास्टिंग हे सगळं त्या रात्री उरकतात. इथपर्यंत ठीक आहे, पण लेखक आणि दिग्दर्शकसुद्धा त्याच रात्री! म्हणजे ज्या बाईने सहा तासांचं ड्रामा लिहिलं तिचं लेखनाचं अवॉर्ड बीबीसी वनवर दिसतच नाही. मी एडिटर, मला तसंही कोणी टीव्हीवर बघायला बसणार नाहीये, पण ब्रिटिश टीव्ही स्वतःला लेखकांचं टीव्ही म्हणवतं आणि लेखकाला मात्र आधीच्या रात्री गुपचूप उरकून टाकतं, हे मला कधीच पटलेलं नाही. बाकी मजा क्राफ्टच्या रात्रीच जास्त येते, कारण तिथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि भाषणं छोटी असतात.

आता मुख्य मुद्दा, निवड. पात्रतेसाठी कॅलेंडर वर्ष धरतात, एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर. म्हणून "ॲडोलेसन्स" ही ब्रिटिश मालिका मार्च 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आली, सगळं जग तिच्याबद्दल बोलत होतं आणि मे 2025 च्या बाफ्टात ती कुठेच नव्हती, लोक चिडले, पण ती रात्र 2024 च्या कार्यक्रमांची होती. एमी या अमेरिकन टीव्ही अवॉर्ड्सचं वर्ष जूनपासून सुरू होतं त्यामुळे त्यांनी सप्टेंबर 2025 मध्येच तिला गौरवून टाकलं, बाफ्टात मात्र तिचा नंबर 2026 चा.

एंट्री साधारणपणे प्रॉडक्शन कंपनी किंवा चॅनेल पाठवतं, फी भरून. मग पहिल्या फेरीत टीव्हीचे सभासद ऑनलाइन बघून मत देतात आणि यादी छोटी होत जाते. काही विभागांत नामांकनंसुद्धा ज्युरीच ठरवते. एका विभागात शक्यतो चार नामांकनं, अभिनयाच्या विभागांत 2021 पासून सहा. त्यापुढे विजेता कोण हे फक्त ज्युरीच्या हातात. सिनेमाच्या बाफ्टात बहुतेक विभागांत शेवटचं मतही सभासदच देतात, हा मोठा फरक आहे. ज्युरीतल्या माणसाचा नामांकन मिळालेल्या कार्यक्रमाशी संबंध नसावा लागतो, सगळ्यांनी सगळं बघून यायचं असतं, चर्चा होते, नंतर गुप्त मतदान. अध्यक्ष चर्चा चालवतो, मत देत नाही.

यात एक गोष्ट अशी आहे जी बाहेर कोणी बोलत नाही, आणि मला वाटतं खरी लढाई तिथेच होते. मालिका आठ भागांची असली तरी ज्युरीसमोर आठही भाग जात नाहीत, निवडक भाग जातो, आणि कोणता पाठवायचा हे निर्मात्याने ठरवायचं. पहिला भाग पाठवावा तर त्यात ओळखी करून देण्यातच अर्धा वेळ गेलेला असतो, शेवटचा पाठवावा तर आधीचं न बघितलेल्याला काही कळत नाही, मधला पाठवावा तर तो सुटा उभा राहतो का ते बघायचं. नटासाठी वेगळा हिशोब, त्याचा सगळ्यात भारी सीन ज्या भागात आहे तो भाग एकूण मालिकेचा सगळ्यात चांगला असेलच असं नाही. यावर निर्माता, दिग्दर्शक आणि आम्ही एडिट सूटमध्ये बसून तासन् तास डोकेफोड करतो, कधी कधी कट लॉक (एडिट पक्का) करतानाच कोणीतरी म्हणतं की हा बाफ्टाचा एपिसोड. फॅक्च्युअलमध्ये सोपं असतं कारण एकच तासाची फिल्म असते. पण ड्रामा सिरीजवाल्यांचे हाल होतात, आणि दरवर्षी एखादी चांगली मालिका चुकीचा भाग पाठवल्यामुळे मागे पडते असं माझं ठाम मत आहे.

मग ज्युरी नऊ-दहा जणांची असली की एखाद्या मताने निकाल फिरू शकतो हे उघड आहे. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 1992 चं. त्या वर्षी ड्रामा सिरियलच्या विभागात दोन जबरदस्त गोष्टी समोरासमोर होत्या. एक ग्रॅनडाची "प्राइम सस्पेक्ट", लिंडा ला प्लांट यांनी लिहिलेली, ज्यात हेलन मिरेन पुरुषांनी भरलेल्या पोलीस खात्यात खुनाचा तपास चालवणारी अधिकारी आहे. दुसरी चॅनेल फोरची "जीबीएच", ॲलन ब्लीसडेल यांची, उत्तर इंग्लंडमधला एक बेफाम लोकल पुढारी आणि एक सरळमार्गी हेडमास्तर यांची टक्कर, रॉबर्ट लिंडसे आणि मायकेल पेलिन. अवॉर्ड "प्राइम सस्पेक्ट"ला गेलं. आणि नंतर सात ज्युरी सभासदांपैकी चार जणांनी जाहीर पत्रकावर सही केली की आम्ही प्रत्येकाने मत "जीबीएच"ला दिलं होतं! सातातले चार म्हणजे बहुमत. मग "प्राइम सस्पेक्ट" जिंकली कशी? ज्युरीच्या अध्यक्ष होत्या आयरीन शुबिक, स्वतः नावाजलेल्या निर्मात्या, त्यांनी बोलायलाच नकार दिला. बाफ्टाचे तेव्हाचे चेअरमन रिचर्ड प्राइस यांचं म्हणणं पडलं की त्यांच्याकडे आलेल्या मतपत्रिकांत चार "प्राइम सस्पेक्ट"ला आणि तीन "जीबीएच"ला होत्या. मग मोजा परत, तर म्हणे मतपत्रिका नष्ट केल्यात. झालं. ते कोडं तिथेच राहिलं, आजही जुने लोक पबमध्ये दोन पाइंटनंतर यावर तावातावाने बोलतात. गंमत म्हणजे त्याच रात्री लिंडसेला "जीबीएच"साठी आणि मिरेनला "प्राइम सस्पेक्ट"साठी अभिनयाची अवॉर्ड्स मिळाली, त्यावर कोणाचीच तक्रार नव्हती. मिरेनने तर पुढची दोन वर्षंही तेच अवॉर्ड त्याच भूमिकेसाठी नेलं.

हे मी बदनामी करायला सांगत नाहीये. उलट यातून दिसतं की हे अवॉर्ड कोणाच्या तरी खिशात नव्हतं, नाहीतर ज्युरीतल्या लोकांनी उघडपणे बंड केलं नसतं. फिक्सिंगवर माझा विश्वास नाही. खोलीतल्या माणसांच्या आवडीनिवडी, कोण चांगलं बोलतं, कोण हट्टाला पेटतं, याचा परिणाम होतो यावर मात्र पूर्ण विश्वास आहे. आणि ज्युरी दरवर्षी बदलली तरी धंद्याचे काही लाडके असतातच. ज्युली वॉल्टर्सने 2002, 2003, 2004 अशी सलग तीन वर्षं अभिनेत्रीचं अवॉर्ड घेतलं, परत 2010 ला. रॉबी कोल्ट्रेनने "क्रॅकर"साठी नव्वदच्या दशकात सलग तीनदा, मायकेल गॅम्बनने 2000 ते 2002 सलग तीनदा. तिघेही अफाट, वादच नाही, पण त्या सगळ्या वर्षांत दुसरं कोणी तेवढं चांगलं नव्हतंच का हो? आणि दुसऱ्या बाजूला मुख्य अभिनेत्याचं अवॉर्ड पहिल्यांदा गोरा नसलेल्या नटाला, अदील अख्तरला, मिळायला 2017 उजाडावं लागलं.

ज्युरी आणि बाहेरचं जग यात किती अंतर पडू शकतं याचं ताजं उदाहरण 2025. नेटफ्लिक्सवरची "बेबी रेनडिअर" जगभर तुफान चालली होती, सप्टेंबर 2024 च्या एमीत तिने लिमिटेड सिरीज (ठरावीक भागांत संपणारी मालिका), रिचर्ड गॅडला मुख्य अभिनेता, जेसिका गनिंगला सहाय्यक अभिनेत्री असं सगळं नेलं. मे मध्ये बाफ्टाच्या मुख्य रात्री काय झालं? गनिंगला मिळालं, पण मुख्य अभिनेता झाला "मिस्टर लव्हरमन"चा लेनी जेम्स, आणि लिमिटेड ड्रामाचं अवॉर्ड गेलं "मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस"ला.

आता हे भारतातून बघणाऱ्याला विचित्र वाटेल, कारण "मिस्टर बेट्स" तिकडे किती जणांनी बघितलीय? पण इथे असतात त्यांना विचारा. जानेवारी 2024 च्या पहिल्या चार रात्री आयटीव्हीवर ही मालिका लागली. पोस्ट ऑफिसच्या होरायझन नावाच्या कॉम्प्युटर सिस्टममध्ये गडबड होती आणि हिशोबात पैसे कमी दिसले म्हणून गावोगावच्या सबपोस्टमास्तरांवर (पोस्टाची छोटी शाखा चालवणाऱ्यांवर) चोरीचे खटले भरले, नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले, कित्येक तुरुंगात गेले, घरं गेली, काहींनी जीव दिला. त्यात भारतीय वंशाचे लोक खूप, कारण कोपऱ्यावरचं दुकान आणि त्यातच पोस्टाची खिडकी हा आपल्या लोकांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. पत्रकार वर्षानुवर्षं लिहीत होते, चौकशीही चालू होती, पण सामान्य माणूस हलला तो टोबी जोन्सला, याविरुद्ध लढा उभारणाऱ्या ॲलन बेट्सच्या भूमिकेत बघून. त्याच वर्षी मे मध्ये संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या ड्रामाने कायदा हलवला असं रोज घडत नाही. अशा वेळी ज्युरीतल्या माणसाने कथा-पटकथा-कॅमेरा एवढंच बघायचं की त्या कार्यक्रमाने बाहेर काय केलं तेही धरायचं? पुस्तकी उत्तर आहे की फक्त पडद्यावरचं बघा. माझ्या मते माणूस माणूस आहे, धरतोच, आणि या केसमध्ये ते बरोबरच झालं.

प्रेक्षकांच्या मताचं म्हणाल तर एकच अवॉर्ड आहे, वर्षातला लक्षात राहिलेला क्षण. 2023 ला राणी एलिझाबेथ आणि पॅडिंग्टन अस्वलाचा चहा, 2024 ला "हॅपी व्हॅली" या पोलीस मालिकेतली स्वयंपाकघरातली शेवटची भेट, 2025 ला अंध कॉमेडियन क्रिस मॅककॉसलंडचा "स्ट्रिक्टली" या नाचाच्या स्पर्धेतला डान्स. यात चुरस असते ती कोणाचे फॅन जास्त मत टाकतात याची. ज्यांना पूर्ण जनतेच्या मतावरचे अवॉर्ड्स बघायचेत त्यांच्यासाठी आयटीव्हीवरचे नॅशनल टेलिव्हिजन अवॉर्ड्स आहेत. तिथे जनता मत देते म्हणजे काय होतं ते बघा, अँट आणि डेक ही जोडी 23 वर्षं सलग बेस्ट प्रेझेंटर, शेवटी 2025 ला गॅरी लिनेकरने ती साखळी तोडली. लोकप्रियता मोजायला ते ठीक आहे. पण एखादी छोटी, कमी बघितलेली, धाडसी गोष्ट तिथे कधीच वर येणार नाही. बाफ्टात येते. 2024 च्या ख्रिसमसला "गॅव्हिन अँड स्टेसी" या कॉमेडी मालिकेचा शेवटचा भाग त्याच रात्री सव्वा कोटीच्या आसपास लोकांनी बघितला, त्यासाठी रूथ जोन्सला अभिनयाचं अवॉर्ड मिळालं, पण कॉमेडी मालिकेचं गेलं "अल्माज नॉट नॉर्मल"ला, जिच्या प्रेक्षकांचा आकडा त्याच्या आसपासही नाही.

आता तुमचा चॅनेलवाला प्रश्न. झी मराठीचा "उत्सव नात्यांचा" किंवा स्टार प्रवाहचा "परिवार पुरस्कार" हे त्या त्या चॅनेलचे घरचे कार्यक्रम आहेत, त्यात फक्त स्वतःच्याच मालिका असतात, आवडती सून, आवडतं कुटुंब वगैरे, तो एक मोठा इव्हेंट एपिसोड असतो आणि त्यात गैर काही नाही, फक्त त्याची बाफ्टाशी तुलना करू नका. बाफ्टा दाखवते बीबीसी, पण अवॉर्ड आयटीव्ही, चॅनेल फोर, स्काय, नेटफ्लिक्स कोणालाही जातं आणि बीबीसीला आपल्याच स्क्रीनवर प्रतिस्पर्ध्यांची भाषणं दाखवावी लागतात.

दाखवतातही उशिरा, बरं का. अलीकडच्या वर्षांत हॉलमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुरू होतं आणि बीबीसी वनवर सातला लागतं. म्हणजे घरी लोक पहिलं अवॉर्ड बघत असतात तेव्हा हॉलमधला कार्यक्रम बराच पुढे गेलेला असतो, निकाल फोनवर आलेले असतात, आणि एडिटर लोक घड्याळाकडे बघत भाषणं छाटत असतात. "माझ्या एजंटला थँक्यू, माझ्या एजंटच्या असिस्टंटला थँक्यू" हे जातं. राजकीय वाक्य गेलं की मात्र दुसऱ्या दिवशी बोंब होते, त्यामुळे ते कापताना हात थरथरतो. 2016 ला "वुल्फ हॉल" या ऐतिहासिक मालिकेचे दिग्दर्शक पीटर कोझमिन्स्की यांनी स्टेजवरून सरकारलाच सुनावलं की बीबीसीच्या स्वातंत्र्यावर तुमचा डोळा आहे, त्याच आठवड्यात बीबीसीबद्दलची सरकारी श्वेतपत्रिका यायची होती, अख्खा हॉल उभा राहिला. तेच कोझमिन्स्की 2025 च्या सुमाराला सांगत होते की "वुल्फ हॉल"चा दुसरा भाग पूर्ण व्हावा म्हणून त्यांना आणि मुख्य नट मार्क रायलन्स वगैरेंना आपल्या मानधनाचा मोठा हिस्सा सोडावा लागला, आणि स्ट्रीमिंग कंपन्यांवर पाच टक्के लेव्ही (कर) लावा. रेड कार्पेट बघून वाटत नाही, पण इथे एडिटर, साउंडवाले, असिस्टंट कितीतरी जण सध्या कामाविना आहेत.

राहिला मराठी सिरीजचा प्रश्न. मुख्य विभाग ब्रिटिश कार्यक्रमांसाठीच आहेत. इंटरनॅशनल म्हणून एक विभाग आहे, बाहेर तयार झालेल्या पण त्या वर्षात ब्रिटनमध्ये दाखवल्या गेलेल्या कार्यक्रमांसाठी. भाषेची अट नाही, 2022 ला कोरियन "स्क्विड गेम" नामांकनात होती, 2024 ला फ्रेंच "क्लास ॲक्ट" जिंकली, 2025 ला "शोगुन" जिच्यात बहुतेक संवाद जपानीत आहेत. म्हणजे मराठी सिरीज ब्रिटनमध्ये रीतसर दाखवली गेली आणि कोणी फी भरून एंट्री टाकली तर कागदावर दार उघडं आहे. प्रत्यक्षात अडचण अशी की या एकाच विभागात अमेरिकेसकट अख्खं जग येतं, आणि पहिल्या फेरीत सभासदांनी ती बघायला तर हवी, त्यासाठी प्लॅटफॉर्मला मागे लागून प्रचार करावा लागतो. भारतीय कार्यक्रमांना इंटरनॅशनल एमी (अमेरिकेबाहेरच्या टीव्हीसाठीचं एमी) जास्त सोयीचं पडलंय, 2020 ला "दिल्ली क्राइम" आणि 2023 ला वीर दास तिथेच जिंकले. माणसं म्हणून मात्र दक्षिण आशियाई मुळाचे लोक बाफ्टात आहेत, अभिनेत्री-लेखिका मीरा सयाल यांना 2023 ला फेलोशिप मिळाली, जो बाफ्टाचा सर्वोच्च मान, आणि त्या रात्री सूत्रसंचालन करणाऱ्या दोघांपैकी एक होता कॉमेडियन रोमेश रंगनाथन.

तुमच्या ओळखीत कोणी सिरीज करत असेल आणि खरंच प्रयत्न करायचा असेल तर पहिल्यांदा प्लॅटफॉर्मशी झालेला करार काढून बघायला सांगा की ब्रिटनचे हक्क त्यात आहेत का आणि अवॉर्ड एंट्री कोणी करायची हे लिहिलंय का. बहुतेकांच्या करारात ही ओळच नसते, आणि एंट्रीची मुदत गेल्यावर फोन येतात. इंग्लिश सबटायटल्स चांगल्या माणसाकडून करून घ्या, मशीनची नको. आणि कोणता भाग पाठवायचा यावर भांडण झालं तर दिग्दर्शकाचं ऐकू नका, मालिका अजिबात न बघितलेल्या चार जणांना ते भाग दाखवा आणि ते ज्यात फोनला हात लावत नाहीत तो पाठवा.